तरता पाया

उघाडी उघडायची की नाही यावर खारवेळ्यात तीन सभा झाल्या आणि तिन्ही सभांत भांडणं झाली. खारवेळ्याच्या सभेत भांडण होणं यात नवल काहीच नाही. तिथे सत्यनारायणाचा प्रसाद वाटतानासुद्धा दोघांची जुंपते. नवल हे, की या वेळी सगळं गाव एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला एकटा हिराजी मोकल. आणि गावाच्या बाजूला सगळ्यात पुढे उभी होती ती हिराजीचीच मुलगी, तेजल.

धरमतरच्या खाडीकाठचं हे गाव भरतीच्या पाण्याच्या खाली वसलेलं. खाडी आणि गाव यांच्यामध्ये काय, तर मातीचा एक बांध, दीड पुरुष उंचीचा, कोसभर लांब. पावसाचं पाणी बाहेर सोडायला त्या बांधात एक लाकडी दार होतं, तीच उघाडी. ओहोटीला ती उघडायची, भरतीला मिटायची. बांध सरकारनं घातला नव्हता. गावच्या आगरी बापजाद्यांनी खाडीचा चिखल उपसून तो घातला होता आणि दरवर्षी घरटी एक माणूस जाऊन त्याला माती चढवत होता. या एकत्र कामाला जोळ म्हणायचे. उधाणाच्या भरतीत बांधाला भगदाड पडलं, म्हणजे 'खांड गेली', की एकच आरोळी उठायची आणि जो जिथे असेल तो तिथून पळत सुटायचा. जेवणाऱ्यानं हात धुवायलाही थांबायचं नाही, असा नियम होता. खांड बुजल्याशिवाय कोणी घरी परतायचं नाही, हा दुसरा.

हिराजी या जोळीचा पुढारी. माणूस बांधासारखाच होता, आडवा आणि न हलणारा. एका वर्षी खांड गेली तेव्हा चांगुणा घरत आली नव्हती. नवरा आधीच गेलेला आणि पोर तापानं फणफणलेलं, येणार कशी? पण हिराजीच्या जोळीत कारणं चालत नसत. पुढची दोन वर्षं चांगुणेच्या लावणीला गावातलं एक माणूस गेलं नाही. बाईनं चिखलात एकटीनं रोपं लावली आणि एकटीनं कापणी केली. तेजल तेव्हा शाळेत होती. बापाचा तिला त्या वेळी जो राग आला, तो पुढे पुण्यात इंजिनियर झाली तरी पुरता गेला नाही.

म्हणून तेजलनं तरता पाया शोधून काढला तेव्हा पहिलं घर निवडलं ते चांगुणेचं.

तत्त्व शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पाण्यात शिरलेली वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला खालून उचलतो. अडचण होती ती साहित्याची. साधं काँक्रीट पाण्याच्या अडीचपट जड. तेजलनं वीजकेंद्रातली राख आणि भाताच्या तुसाची राख एकत्र करून तिच्यात फेस कालवला. फेसाचे बुडबुडे आतल्या आत बंद राहिले आणि पाण्याच्या निम्म्याहूनही हलका दगड तयार झाला. पण असा दगड ठिसूळ. त्याला तडे जाणार, तड्यांत पाणी शिरणार. म्हणून तिनं त्यात एका जिवाणूचे झोपलेले बीजाणू पेरले. कोरड्यात ते वर्षानुवर्षं झोपून राहतात. तडा गेला, ओल लागली, की जागे होतात, शेजारी ठेवलेलं खाद्य खातात आणि चुनखडी तयार करतात. तडा आपला आपण लिंपला जातो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि मीटरभर जाड अशी लादी भरते चाळीस टन, आणि पुरती बुडाली तर पाणी सारते शंभर टन. म्हणजे साठ टनांचं घर तिच्यावर निवांत बसू शकतं. जुनं घर जॅकवर उचलायचं, खाली खड्ड्यात लादी ओतायची आणि चार कोपऱ्यांना चार लोखंडी खांब जमिनीत खोल ठोकायचे. लादीच्या कड्या त्या खांबांत अडकवल्या की पाणी चढेल तसं घर सरळ वर चढतं आणि उतरेल तसं जागच्या जागी बसतं.

कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्ष दाखवायचं तर पाणी हवं. बांध धड असेतोवर गावात पाणी कुठून येणार? तेव्हा कोणीतरी म्हणालं, उघाडी उघडू या की. वैशाखाचे दिवस आहेत, शेतं रिकामी पडलीयत, दोन तास खारं पाणी आत घेऊ आणि ओहोटीला सोडून देऊ.

"अरं, खारं पानी आपल्या हातानं आत घ्यायचं?" हिराजी सभेत उभा राहिला. "ह्याच्यासाटी मेले का आपले बाप?"

"आबा, दोन तासांचा प्रश्न आहे," तेजल म्हणाली. "खाडीचं पाणी तुमच्या लहानपणापेक्षा हातभर वर आलंय. बांध आणखी किती उंच करणार?"

"तुमची हुकूमशाही आता बास झाली, हिराजीबाबा," मागून कोणीतरी बोललं, आणि सभेत हशा पिकला.

अमावास्येच्या उधाणाला भर दुपारी उघाडी उघडली. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी खारं पाणी बाहेर ठेवलं, त्यांचीच पोरं ते आत येताना बघायला नवे कपडे घालून बांधावर बसली होती. चांगुणा मात्र घराबाहेर यायला तयार नव्हती. तिनं गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. पाणी घोट्याला आलं, मग गुडघ्याला, आणि एकाएकी घरानं एक हलका हेलकावा खाल्ला आणि ते वर उठलं. खिडकीतून चांगुणेचा हात बाहेर आला. हातात भरलेला कप होता.

"थेंब सांडला नाय गं!" ती ओरडली.

त्या दिवशी तेजलला गावानं खांद्यावर घेतलं. चांगुणा तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "आता मना कोनाच्या पाया परायला नको, बाय." तेजलला वाटलं, आपण शिकलो ते याच वाक्यासाठी. हिराजी तेवढा गावजेवणाला न थांबता घरी गेला.

"घर तरलं, बरं झालं," संध्याकाळी तो ओटीवर बसल्या बसल्या म्हणाला. "पन बघ तू, औंदा भात येयाचं नाय. जमीन खारावली."

पण भात आलं. पाऊस धो धो पडला, मीठ धुऊन गेलं आणि पीक नेहमीपेक्षा कणभर जास्तच झालं. हिराजी तोंडघशी पडला. खारवेळेकरांनी वर्षभर त्याला पिडलं. नाक्यावर तो दिसला की, "काय हिराजीबाबा, भात खारट लागतो का?" असं पोरंटोरंसुद्धा विचारायची. पुढाऱ्याचं म्हणणं एकदा खोटं ठरलं की त्याची शंभर खरी बोलणीही लोक विसरतात. तसंच झालं.

मग काय, तरत्या पायांची रांगच लागली. सरकारनं योजना काढली, बँका पुढे आल्या, आणि दोन पावसाळ्यांत निम्म्याहून जास्त गाव लादीवर चढलं. दूरदूरचे खाडीकाठचे लोक बघायला येऊ लागले. तेजलचे फोटो छापून आले, पुण्यात मोठा सत्कार झाला.

त्या सत्काराला अष्टपुत्रे नावाच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी जुन्या शहरांचे थर उकरले होते. जेवताना त्या तेजलशेजारी बसल्या आणि जिलबीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "तुझी घरं फार सुंदर आहेत गं. आता एक विचारू? गटारं कोण साफ करतं तुमच्या गावात?"

"म्हणजे?"

"मोहेंजोदडोत खालच्या थरांत रस्ते सरळ आहेत, गटारं झाकलेली आहेत. कोणीतरी ती नेमानं उपसत होतं. वरच्या थरांत आलं की घरं रस्त्यावर पुढे सरकलेली आणि गटारं गाळानं भरलेली दिसतात. लोक आम्हाला विचारतात, कोणी हल्ला केला, कोणता पूर आला. असेल, तेही असेल. पण मला वाटतं, त्याच्या किती तरी आधी एका सकाळी गटार उपसायला कोणी आलं नसणार. आणि कोणाचं काही अडलंही नसणार. पहिल्या दिवशी."

"आमच्याकडे माणसं स्वतंत्र झालीयत, मॅडम," तेजल जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. "जोळीचा जाच तुम्ही पाहिला नाहीये."

"खरंय. तो मला थरांत दिसत नाही," बाई म्हणाल्या आणि दुसरी जिलबी मागवली.

तेजलला राग आला तो यासाठी, की बाईंचा प्रश्न तिला पुण्याहून खारवेळ्यापर्यंत पुरला.

त्या वर्षी जोळीच्या दिवशी बांधावर निम्मीच माणसं आली. पुढच्या वर्षी त्याच्या निम्मी. न आलेल्यांना हिराजीनं दंड सांगितला, तर लोकांनी हसून दंड भरला आणि ते पुन्हा आले नाहीत. कोणी खाडीपलीकडे नोकरीला जात होतं, कोणी घरून काम करत होतं. हिराजीचा मुलगा नितेश तर बांधाच्या आतल्या पडीक शेतात कोळंबी वाढवू लागला, आणि कोळंबीला खारं पाणी हवं म्हणून उघाडी आता महिन्यातून दोनदा भर भरतीला उघडू लागली.

"नितेश, उघाडीचं लाकूड कुजलंय," तेजल एकदा म्हणाली.

"ताय, घराला काय होनार हाय का? नाय ना? मग?"

त्याचं स्वतःचं घरही, म्हणजे हिराजीचंच घर, तोवर लादीवर गेलं होतं. हिराजी आठ दिवस बहिणीकडे लग्नाला गेला तेवढ्यात नितेशनं काम उरकलं. म्हातारा परत आला, त्यानं ओटीची वाढलेली पायरी बघितली आणि ती चढून तो आत गेला.

तेजलनं मग एक गणित मांडलं. खांड पडते तेव्हा पहिली भरती तिला बाजेएवढी रुंद करते, दुसरी बैलगाडीएवढी, आणि तिसऱ्या भरतीनंतर तिथे खाडीचा नवा फाटा तयार झालेला असतो. पहिल्या भरतीत चाळीस माणसं धावली तर खांड बुजते. पण तीस धावली तर तीन चतुर्थांश बुजते असं नाही. तीस माणसांनी टाकलेला चिखल पाणी टाकता टाकता नेतं, म्हणजे ती मुळीच बुजत नाही. बर्फ वितळतो तसं हे हळूहळू होत नाही; एका रेषेपर्यंत सगळं ठीक दिसतं आणि रेषेखाली काहीच उरत नाही. आणि प्रत्येक माणूस घरात बसून म्हणतो, माझ्या एकट्याच्या न जाण्यानं काय होणार? त्याचं म्हणणं चूकही नसतं. गणितात तेजलला कुणाचीही चूक सापडेना, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

तिनं सभा बोलावली आणि पडद्यावर आलेख दाखवला. या पावसाळ्यात किंवा पुढच्या, बांध फुटणार. धावायला चाळीस माणसं हवीत, आज आपल्याकडे पंचवीसही नाहीत. लोकांनी मन लावून ऐकलं. कोणी भांडलं नाही. खारवेळ्याच्या इतिहासात भांडणाशिवाय पार पडलेली ही पहिली सभा असावी.

आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या घरांनी तरत्या पायासाठी नावं नोंदवली.

तेजल ओटीवर बसून हसली आणि मग तिला रडू फुटलं. सांगितलं नसतं तर लोक गाफील राहून बांध गेला असता. सांगितलं तर लोक शहाणे होऊन बांध जाणार होता. हिराजी तिच्याशेजारी येऊन बसला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"मना पन नाय कललं, बाय," तो म्हणाला. "मी धाक घातला म्हनून येत व्हते, का बांध आपला म्हनून येत व्हते. आता वाटतं, धाकानंच येत व्हते."

"तसं नाही, आबा."

"मग येत का नाय?"



श्रावणातल्या अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास खांड गेली. उघाडीच्याच शेजारी, जिथे लाकूड कुजलं होतं. हिराजी बांधावरच होता. "खांड गेली रं! खांड गेलीऽऽ!" त्याची आरोळी साऱ्या गावानं ऐकली. तेजल त्या दिवशी गावात होती. ती फावडं घेऊन पळाली आणि पळता पळता गावाच्या फोनगटावर तिनं निरोप टाकला. बांधावर पोचेपर्यंत शंभरावर उत्तरं आली होती. कोणी हात जोडलेली चित्रं टाकली होती, कोणी 'काळजी घ्या' लिहिलं होतं, आणि एकानं 'अभिमान वाटतो तुमचा' असं लिहिलं होतं.

हिराजी आणि तेजल धरून माणसं जमली नऊ. त्यांतली तीन म्हातारी. आणि नववी होती चांगुणा, डोक्यावर घमेलं आणि कमरेला पदर खोचलेला.

हिराजी तिच्याकडे बघतच राहिला. त्या लावणीनंतर ही दोघं एकमेकांशी बोललेली नव्हती.

"बघतोस काय? घर तुज्या पोरीनं तरवलं. माजं शेत कोन तरवनार?" चांगुणा म्हणाली आणि सरळ पाण्यात उतरली.

"चांगुने, तवा माजं चुकलं," हिराजी म्हणाला.

"नंतर बोल. माती दे."

खांड बुजवायची रीत अशी, की चिखलाची ढेकळं कापायची आणि माणसांच्या रांगेतून हातोहात पुढे द्यायची. थांबायचं नाही, बघायचं नाही. मागून आलं की पुढे द्यायचं. पुढचा माणूस ते खाडीतल्या तिवराच्या लाकडी खुंट्यांमध्ये पेंढ्यासकट दाबतो. चाळीस माणसांची रांग असली की चिखलाची जणू नदीच वाहते. नऊ माणसांची रांग तिथपर्यंत पोचेच ना. दोघांच्या हातांमध्ये इतकं अंतर पडत होतं की ढेकूळ घेऊन धावावं लागायचं, आणि गुडघाभर गाळात कोण धावणार? तेजल धावली, पडली, उठली आणि पुन्हा धावली. हिराजी खुंट्यांपाशी छातीभर पाण्यात उभा राहून जुन्या आवाजात हुकूम सोडत होता, "आन! आन! हात थांबवू नुको!" तो एक ढेकूळ दाबायचा आणि दुसरं येईपर्यंत पाणी पहिलं घेऊन जायचं.

मागे गावात घरं एकेक करून वर उठत होती. पोरं टाळ्या पिटत होती. आपलं घर आधी उठतं की शेजाऱ्याचं, यावर पैजा लागल्या होत्या.

खिडकीतून नितेशचा आवाज आला. "आबा, या ना घरात! ताय, त्यांना घेऊन ये! कशाला भिजता उगाच?" त्याच्या आवाजात खरी काळजी होती. तो वाईट मुलगा नव्हता. कुणीच वाईट नव्हतं. शेजारच्या घरातून एकानं दोर फेकला, दुसऱ्यानं कोरडे टॉवेल दाखवले. तेजलनं हातातलं ढेकूळ उंच धरलं आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "दोर नको! एकतीस माणसं हवीत! फक्त एकतीस! उतरा ना रे खाली!"

लोकांनी एकमेकांच्या खिडक्यांकडे बघितलं. दुसरा कोणी उतरला तर आपणही उतरावं असं पुष्कळांच्या मनात आलं असणार. दोन-तीन जण तर पायरीपर्यंत आले, आजूबाजूला कोणी निघालंय का ते त्यांनी बघितलं, आणि तिथेच थांबले.

हिराजीच्या पायाखालची खुंटी सुटली. तो पाण्यात गेला, चांगुणेनं आणि तेजलनं त्याला काखेत धरून ओढलं. बांधाचा एक मोठा लचका त्यांच्या डोळ्यांदेखत वाकला आणि विरघळला. खांड आता बाजेएवढी राहिली नव्हती.

"थांबा," हिराजी म्हणाला. "सोडा. चला घरी."

खांड उघडी टाकून खारवेळ्याची जोळ पहिल्यांदा घरी परतली. घरांनी त्यांना दोर टाकून वर घेतलं, गरम चहा दिला, अंगावर चादरी घातल्या. चहा चांगला होता. तेजलनं कप तसाच खाली ठेवला.

पुढे काय झालं ते सांगायला फार वेळ लागत नाही. महिन्यातून दोन उधाणं खुशाल गावात येऊ-जाऊ लागली. भाताची शेतं गेली, चांगुणेचं शेतही गेलं. घरांना काही झालं नाही. तेजलचं काम चोख होतं. पण रस्ता तरत नव्हता. शाळा तरत नव्हती, विजेचा ट्रान्सफॉर्मर तरत नव्हता, मारुतीचं देऊळ तरत नव्हतं. तेजलनं शाळेसाठी लादीचा आराखडा फुकट काढून दिला. सगळ्यांनी घरबसल्या फोनवरूनच सभा घेतली आणि ठराव एकमतानं मंजूर केला. मालक म्हणून सही कोणी करायची, हा मुद्दा निघाला आणि एकेक चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला. तरी ती महिनाभर दारोदार हिंडली. प्रत्येकानं तिला बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, आधी बाकीच्यांचं बघा, आपलं काय, आपण आहोतच.

मग एका घरमालकाला ध्यानात आलं, की खांबांच्या कड्या सोडल्या तर हे घर लाँचला बांधून ओढून नेता येतं. हे तेजलनं कधी योजलं नव्हतं, पण पदार्थविज्ञान कुणाच्या योजनेची वाट बघत नाही. महामार्गालगतच्या खाडीत जागा भाड्यानं मिळत होत्या. तिथे शाळा होती, दवाखाना होता, वीज होती. पहिलं घर गेलं तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं. पाचवं गेलं तेव्हा कोणी खिडकी उघडली नाही.

पावसाळा संपता संपता नितेशनं बहिणीला फोन केला. "ताय, पोरांची शाला बुरली. मी लाँच सांगितली हाय. कड्यांची चावी तुज्याकडं हाय ना? ये."

ती आली ती भांडायच्या तयारीनंच. पण नितेशची धाकटी पोरगी दप्तर डोक्यावर धरून कमरेएवढ्या पाण्यातून आली आणि तेजलनं पुढे होऊन तिचं दप्तर घेतलं. या मुलीनं कोणत्या गावासाठी इथे थांबायचं? चाळीस माणसं कधीच परत येणार नव्हती, हे तिच्याइतकं नक्की कोणालाच माहीत नव्हतं. तिनं चार कोपऱ्यांच्या चार कड्या आपल्या हातानं सोडल्या. शेवटची जाम झाली होती. ती सुटू नये असं तिला एक क्षण वाटलं, पण तिनं तेल घातलं आणि ती सुटली.

हिराजीला कोणी विचारलं नव्हतं. तो ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. त्या दिवसाच्या पाण्यानं छातीत जे भरलं, ते अजून पुरतं उतरलं नव्हतं. मागच्या घराच्या खिडकीतून चांगुणेनं हात केला. तिचंही दोन दिवसांनी निघणार होतं, दुसऱ्या खाडीत, लेकाकडे. हिराजीनं हात वर केला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण लाँचचं इंजिन सुरू झालं.

घर हललं. भांडी किणकिणली. घर अंगण सोडून सरकलं, शेतांवरून सरकलं आणि खांडीतून बाहेर पडलं. ती आता नदीएवढी रुंद झाली होती. तेजल बापाच्या शेजारी बसली होती. त्याचा हात हातात घ्यावा असं तिला फार वाटत होतं आणि हिंमत होत नव्हती.

"आबा, मला माफ करा," ती म्हणाली.

"कशाबद्दल?" हिराजी म्हणाला. "तू वाईट काय केलंस? एक बाई सुखात रायली." मग म्हणाला, "समदेच सुखात रायले."

लाँच चालवणारा तरुण दुसऱ्या खाडीकडचा होता. असली घरं तो आता रोजच ओढत होता. वाटेत दोन शब्द बोलावेत म्हणून त्यानं मान वळवून विचारलं, "बाबा, गाव कंचं तुमचं?"

सवयीनं हिराजी मागे वळला आणि त्यानं हात उचलला. मागे भरती होती. पाण्यात जागोजाग चार-चार लोखंडी खांब उभे होते आणि त्यांवर बगळे बसले होते. मधूनच एखादं घर होतं. पडलेल्या देवळाचा कळस कुठे असायला हवा होता, ते तेजललाही ओळखू येईना. हिराजीचा हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तो खाली आला आणि ओटीच्या भिंतीवर टेकला.

"ह्यंच," तो म्हणाला, आणि त्यानं तळव्यानं भिंत थोपटली. "ह्यंच रायलंय तेवढं."